ठरावाला अनुमोदन

शुक्रवारी सकाळपासून अफिया आमच्या जेवणाच्या टेबलाशी माझ्या नवऱ्याचा लॅपटॉप घेऊन बसली होती आणि नवरा हॉलमध्ये येरझारा घालत होता. त्याला सगळं दोहा राजाभाऊ म्हणतं, म्हणून लिहिताना मीही तेच लिहिते. राजाभाऊंना संध्याकाळच्या सभेचा ठराव छापायचा होता. पण अफियाच्या देशाचं सरकार त्या लॅपटॉपात अडकलेलं, त्यामुळे ‘जरा देता का’ म्हणायची त्यांची हिंमत होईना.

"अगं, तिला विचार ना, अजून किती वेळ?"

"घानाचा राष्ट्राध्यक्ष ठरेपर्यंत," मी म्हटलं.

अफिया समोरच्या फ्लॅटमधली, एका खासगी दवाखान्यात नर्स. तिच्या घरी इंटरनेट नव्हतं. टीव्हीवर त्या आठवड्यात गाझाशिवाय काही नव्हतं. घाना कधीतरी खालच्या पट्टीतून सरकत जायचा, तोही चष्मा सापडेपर्यंत निघून जायचा. म्हणून ती आमच्याकडे येऊन अक्राचा, म्हणजे त्यांच्या राजधानीचा, रेडिओ लॅपटॉपवर लावायची. रेडिओवर माणसं एकमेकांवर तुटून पडली होती.

"भांडतायत का गं?"

"भांडू देत, सिस्टर. मी लहान असताना सकाळी रेडिओवर नुसता बँड लागला की आई दार लावून घ्यायची. बँड म्हणजे लष्करानं सरकार घेतलं. माणसं भांडतायत तोवर ठीक आहे."

आमचं बोलणं हिंदी-इंग्रजीच्या भेसळीत चालायचं. माझं इंग्रजी पेपर वाचून शिकलेलं, तिचं हिंदी पेशंटांकडून. त्यामुळे मला राजकारण चांगलं बोलता यायचं आणि तिला दुखणं.

तर दुखणं असं होतं. तिच्याकडचा राष्ट्राध्यक्ष दोनदा निवडून आला होता. त्यांच्या घटनेत तिसऱ्यांदा नाही म्हणजे नाही, म्हणून तो बाजूला झाला. त्याच्या जागी उभा राहिलेला त्याच्या पक्षाचा माणूस पहिल्या फेरीत पुढे होता, पण निम्म्याच्या वर गेला नाही. दुसऱ्या फेरीत तो इतक्या थोड्या मतांनी मागे पडला की कोणी जिंकलं म्हणायला तयार होईना. सगळ्या देशाची मोजणी संपली आणि ताइन नावाचा एक मतदारसंघ उरला. तिथे मतपत्रिकांचा काहीतरी घोळ होऊन मतदानच झालं नव्हतं. ते आज होतं. आणि ताइन म्हणजे अफियाचं माहेर. तिचे वडील तिथले मागे पडलेल्या पक्षाचे जुने कार्यकर्ते, आणि त्यांच्या पक्षानं आजच्या मतदानावर बहिष्कार टाकला होता.

"कोर्टानं थांबवायला हवं होतं," अफिया म्हणाली. "हे कसलं मतदान!"

तेवढ्यात फोन आला म्हणून ती गॅलरीत गेली. राजाभाऊंनी झडप घालून लॅपटॉप ओढला, अक्राचा आवाज बारीक केला आणि ठराव छापून घेतला. एक कागद माझ्या हातात दिला.

"तुझी ओळ खाली आहे. नेहमीचीच."

आमच्या इथल्या मराठी मंडळाची रीत सांगायला हवी. मंडळ निघाल्यापासून एकदाही मतदान झालेलं नाही, आणि याचा आम्हाला भारी अभिमान. सभेच्या आदल्या शुक्रवारी आमच्या घरी मिसळ होते. मिसळीबरोबर कार्यकारिणी ठरते. सभेत एक जण सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो, टाळ्या, वडे. बिनविरोध. अनुमोदन बहुतेक कोणाच्या तरी बायकोनं द्यायचं, म्हणजे महिलांचा सहभागही होतो.

या वेळचा ठराव घटनादुरुस्तीचा होता. मंडळाच्या घटनेत लिहिलंय की सलग दोनदाच अध्यक्ष राहता येईल. ती घटना राजाभाऊंनीच लिहिलेली, स्वच्छ अक्षरात, आवडीनं. आता त्यांचं दोनदा झालं होतं. ‘दोनदा’ काढून टाकायचं. सूचक देवव्रत, अनुमोदक मी.

मला त्यांचं कारण माहीत होतं. कंपनीच्या प्लांटवर त्यांच्या हाताखाली शिकलेला मुलगा वर्षभरापूर्वी त्यांचा साहेब झाला होता. तिथे ते ‘मिस्टर राजा’ होते, बसमध्ये मागच्या सीटवर. मंडळात लोक फोन करून विचारायचे, अध्यक्ष आहेत का? तेव्हा त्यांची पाठ सरळ व्हायची. ती मी रोज बघत होते. म्हणून तर मिसळीच्या दिवशी मी हो म्हटलं होतं.

अफिया आत आली. डोळे लाल.

"काय झालं?"

"बाबा मतदानाला निघालेत. पक्षानं सांगितलंय घरी बसा. मी म्हटलं, बसा ना घरी, दगड मारतील कोणी! तर म्हणाले, माझं नाव यादीत आहे. आठ वर्षांपूर्वी आपण जिंकलो तेव्हा समोरच्या पक्षाचा माणूस खुर्चीवरून उठला होता. उठला म्हणून आपण बसलो. आता आपली पाळी असेल तर रांगेत उभं राहून हरायचं." तिनं नाक पुसलं. "हट्टी म्हातारा. हरायला रांग लावतोय."

मग माझ्या हातातल्या कागदाकडे बघून म्हणाली, "हे काय?"

मी सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. नर्स ताप बघते तसं बघून तिनं विचारलं, "मग विरोधात कोण आहे?"

"कोणी नाही. आमच्यात तसं नसतं."

"आणि कोणाला नको असेल, तर त्यानं ते कुठे सांगायचं?"

"वडे खाताना," मी म्हटलं. हसू मलाही आलं नाही.

संध्याकाळी अल मन्सूरा भागात, एका रेस्टॉरंटच्या वरच्या हॉलमध्ये सभा होती. राजाभाऊंनी निळा शर्ट घातला होता, इस्त्री मीच केली होती. गाडीत ते गुणगुणत होते. दोनदा मी "अहो" म्हटलं, दोनदा ते "बोल ना" म्हणाले, आणि दोनदा मी सिग्नलबद्दल बोलले.

देवव्रतनं ठराव वाचला. नाशिकचा इंजिनीअर, आवाज आकाशवाणीसारखा. "अनुमोदनासाठी मी सुचित्रा वहिनींना विनंती करतो."

मी उठले. कागद हातात होता. राजाभाऊ पहिल्या रांगेत मान किंचित खाली घालून बसले होते, टाळ्यांच्या आधी बसतात तसे. त्यांच्या मानेवरचा केस कापताना राहिलेला पुंजका दिसत होता. मला वाटलं, म्हणून टाकावं. एका वाक्यानं काय होतं!

"मला अनुमोदन द्यायचं नाही," मी म्हटलं.

देवव्रतनं हातातला ठराव परत एकदा वाचला.

"वहिनी, मस्करी पुरे," मागून कोणीतरी म्हणालं, "वडे गार होतायत."

"मस्करी नाही. दुसऱ्या कोणाला द्यायचं असेल तर त्यानं द्यावं. मग मतं घ्या. चिठ्ठ्यांवर."

राजाभाऊंनी मान वर केली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"गो बाय माझे!" रत्नागिरीची हमिदाभाभी खुर्चीतून पुढे झाली. "इतकी वर्षं नुसत्या टाळ्या वाजवून हात दुखले. घ्या की चिठ्ठ्या!"

देवव्रतनं राजाभाऊंकडे बघितलं. राजाभाऊ म्हणाले, "घटनेत आहे तशी तरतूद. घ्या." त्यांनीच लिहिली होती ना. अनुमोदन दुसऱ्या कोणी दिलं. रेस्टॉरंटच्या ऑर्डर पॅडचे कागद फाडले, वड्यांचं एक रिकामं पातेलं पुसून घेतलं. माणसं हातानं आडोसा करून लिहीत होती, शाळेतल्या परीक्षेसारखी, आणि कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं.

निम्म्याहून जास्त मतं ठरावाच्या बाजूनं पडली. पण घटना बदलायला दोन तृतीयांश लागतात, तेवढी नव्हती. हेही कलम राजाभाऊंचंच.

मग कोणाला अध्यक्ष करायचं, हे कोणी ठरवलंच नव्हतं. शेवटी हमिदाभाभीनं नवऱ्याच्या बरगडीत कोपर मारलं आणि नसरुद्दीनभाई उभे राहिले. बाजारात त्यांचं पडद्याच्या कापडाचं दुकान. "इन्शाल्ला, जमेल तसं करीन," म्हणाले. टाळ्या झाल्या. जरा उशिरा, पण झाल्या. सगळ्यांत आधी राजाभाऊंनी वाजवल्या.

गाडीत ते बोलले नाहीत. घरीही नाहीत. रात्रभर ते कुशी बदलत होते, मीही.

शनिवारी निकाल लागला. अफियाचा पक्ष हरला. तिनं लॅपटॉप बंद केला. मग म्हणाली, "बँड नाही वाजला," आणि ड्युटीला गेली.

दुपारी नसरुद्दीनभाई मंडळाचं सामान न्यायला आले. स्पीकर, सतरंज्या, मोठी पातेली, सगळं आमच्या मागच्या खोलीत होतं. मी चहा टाकला. राजाभाऊ मला वगळून त्यांच्याशी व्यवस्थित बोलत होते. "या माइकची वायर जरा हलवावी लागते. आणि हॉलवाल्याला आदल्या दिवशी आठवण करायची, नाहीतर तो लग्नाला देतो." पातेली त्यांनी स्वतः जिन्यावरून खाली नेली. मी एक उचलायला गेले तर म्हणाले, "राहू दे." कालपासूनचे पहिले दोन शब्द.

नसरुद्दीनभाई गेल्यावर ते मोकळ्या झालेल्या खोलीत उगाच उभे राहिले. फोन वाजला. मी उचलला.

"अध्यक्ष आहेत का?"

मी फोन पुढे केला. त्यांनी घेतला. क्षणभर त्यांची पाठ सरळ झाली.

"नाही," ते म्हणाले. "नंबर देतो, लिहून घ्या." आणि नसरुद्दीनभाईंचा नंबर त्यांनी पाठ सांगितला, एकेक आकडा सावकाश, समोरच्यानं परत म्हणून दाखवेपर्यंत.