दुसऱ्या काठाच्या खाचा

चॅपेलमागच्या खोलीत खिडकीशेजारी सात खिळे होते आणि सात खिळ्यांवर कागदाच्या सात लांब पट्ट्या. एकेका बाईचं एकेक माप. त्यावर आकडे नाहीत, नुसत्या कात्रीनं मारलेल्या खाचा: इथवर कंबर, इथवर छाती, इथवर काख. अडीचशे वर्षांपूर्वी शिंपी असंच माप घ्यायचे, म्हणून शिवण शिकवणाऱ्या नेरिसनं मोजायची फीत खोलीत येऊच दिली नव्हती.

मे महिन्यात गावची जुनी पाणचक्की पाहुण्यांसाठी उघडणार होती आणि या सातजणी त्या काळच्या कपड्यांत तिथं लोकर विंचरत बसणार होत्या. "वरचा झगा शेवटी," नेरिस म्हणायची, "पाया नाही तर भिंत कसली?" म्हणून सगळा हिवाळा आतल्याच कपड्यांत गेला. लिननचा घोळदार सदरा, त्यावर वेताच्या काड्या घातलेली ताठ काचोळी, कमरेला बांधायचे खिसे, लोकरीचा परकर.

सातजणींतली एअरवेन शाळेची बस चालवायची. तिच्या टाक्याला नाव ठेवायला जागा नव्हती. तांदळाच्या दाण्याएवढा एकेक टाका, जसा काही ओळीनं मांडलेला. पण माप मात्र तिनं घरी घेतलं होतं, एकटीनं, दार लावून. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशनमध्ये तिची डावी छाती गेली होती. गावाला तिनं सांगितलं, बहिणीकडं राहायला गेले होते. तेव्हापासून अंतर्वस्त्राच्या डाव्या कप्प्यात नकली छाती बसवून ती हिंडायची, आणि पट्टीचं मापही तिनं ती घालूनच घेतलं.

आज तिची काचोळी पहिल्यांदा अंगावर चढायची होती. सदऱ्याच्या आत आजचं अंतर्वस्त्र चालत नव्हतं, म्हणजे ती नकली छाती धरून ठेवायला काहीच नव्हतं. आणि दोरी पाठीवर, म्हणजे आवळायला दुसरीचे हात हवेत. सर्दीचं निमित्त सांगावं, असं दारापाशी एअरवेनच्या मनात आलं. पण काचोळीवाचून झगा बेतता येत नाही, म्हणजे आज परत गेली की कायमचीच गेली. आणि बुधवारच्या या दोन तासांवर तर तिचा आठवडा तगून होता.

"उभी राहा सरळ, पोरी," नेरिस म्हणाली आणि खालच्या भोकापासून दोरी ओवू लागली. सत्तरी ओलांडलेली, पण बोटं मेंढ्या धरणारी. चौथं भोक, पाचवं. दोरी ताणली, आणि पोकळ टोपलीवर हात दाबावा तशी डावी बाजू आत गेली.

नेरिसचे हात थांबले.

"काय गं, एवढी गप्प?" किटलीपाशी मनुकांचा पाव कापत त्यांच्यातल्याच डेलिथनं विचारलं; बाकीच्या अजून यायच्या होत्या. "बस पंक्चर झाली का?"

"तू पाव काप," नेरिस म्हणाली. मग हळूच, एअरवेनच्या कानाशी: "केव्हापासून?"

"दोन वर्षं झाली." एअरवेननं खिडकीकडं पाहिलं. "मी जाते, नेरिस."

"जाशील कुठं, दोरी माझ्या हातात आहे." नेरिसनं तिचा हात ओढून आपल्या पाठीवर ठेवला, उजव्या खांद्याखाली. नेरिसच्या अंगावरच्या काचोळीच्या आत मुठीएवढा लोकरीचा गोळा होता. "जन्माचा वाकडा कणा. गावाला सांगते, ओझी उचलून वाकले."

"ऐकू येतंय मला," डेलिथ म्हणाली. "माझा उजवा कुल्ला डाव्यापेक्षा दोन खाचा पुढं. नवऱ्याला तीस वर्षांत पत्ता नाही."

"पट्ट्या बघ," नेरिस म्हणाली.

एअरवेननं पाहिलं. सहा पट्ट्यांना दोन्ही काठांवर खाचा होत्या, एक काठ डाव्या अंगाचा, एक उजव्या, आणि एकीचेही दोन काठ जुळत नव्हते. तिच्या एकटीच्या पट्टीचा एक काठ कोरा, गुळगुळीत.

"पहिल्या बुधवारीच दिसलं मला," नेरिस म्हणाली. "दोन्हीकडनं सारखी बाई या खोऱ्यात अजून जन्मायचीय. म्हटलं, तिला वाटेल तेव्हा सांगेल."

डेलिथ विंचरलेल्या लोकरीची टोपली घेऊन आली. दोरी सैल करून तिनं एअरवेनची काचोळी उतरवून घेतली. अस्तराचे वीतभर टाके उसवले, चिमटीचिमटीनं लोकर भरली, थोडी काढली, पुन्हा भरली. आणि भरताना सवयीनं गुणगुणू लागली:

"नदीला दोन काठ, एक उंच, एक सखल
मधून वाहे पाणी, त्याला कशाची गं दखल"

नेरिसनं पुन्हा दोरी आवळली. या खेपेला काचोळी दोन्हीकडं सारखी येऊन टेकली, ओळखीच्या माणसानं कवेत घ्यावं तशी. व्रणावर पट्टा काचत नव्हता. सरकेल, दिसेल, ही धाकधूकच उरली नव्हती. एअरवेननं श्वास घेतला, खोल, अगदी तळापर्यंत. मग डावा हात वर केला. सदऱ्याच्या काखेत तिनंच शिवलेला शंकरपाळीच्या आकाराचा जोडतुकडा अलगद उलगडला आणि हात डोक्यावर गेला, कुठंच न ओढता.

"बसला हात दाखवतेस का?" डेलिथ म्हणाली.

"थांबेल तर शपथ," एअरवेन म्हणाली आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

"आधी खा, मग रड," नेरिस म्हणाली. "पाव ओला होईल."

पावाचा तुकडा तोंडात धरूनच एअरवेननं खिळ्यावरची आपली पट्टी काढली. नेरिसला एक टोक धरायला दिलं, आणि कोऱ्या काठावर कात्रीनं डाव्या अंगाची पहिली खाच मारली.