पुढच्या घरचा पाळणा

सुतारांच्या घरी लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली, त्याच वर्षी माझा जन्म. मित्रांनो, मी एक जुना पाळणा आहे.

उभ्या जन्मात ज्यांचा हातोडा चुकला नाही, त्या सुतारबाबांनी मला ठोकताना आनंदाच्या भरात स्वतःच्याच अंगठ्यावर घाव घातला. बायको म्हणाली, "अहो, खिळा इकडे आहे." दोघं पोट धरून हसली. ते हसू ऐकतच मी डोलायला शिकलो.

मुलीला सगळे छकुली म्हणत. छकुली चालू लागली आणि मी रिकामा झालो. तिची आत्या म्हणाली, पाळणा माळ्यावर जपून ठेवा, तो दुसऱ्याला दिला तर त्याच्याबरोबर घरची बरकत जाते. छकुलीच्या आईने ऐकलं नाही.

"देवानं आपल्याला दिलं, ते चार घरी पोचावं म्हणून दिलं. ज्याच्या घरी बाळ, त्याच्या घरी पाळणा. आणि तो परत आणायचा नाही, तिथून पुढच्या घरी द्यायचा."

मग काय सांगू मित्रांनो! पोस्टमनच्या घरी मी जिन्याखाली टांगला गेलो. बेकरीवाल्याची जुळी माझ्यात एकमेकांच्या पायाशी डोकं करून निजायची. माझ्या झोळीला पावाचा वास लागला. कुठे बाळ झाल्याची बातमी आली की माझ्या कड्या किणकिणायच्या. आता माझी स्वारी तिकडे!

पुढे छकुलीलाच दिवस गेले. मी तेव्हा शिंप्याच्या घरी होतो. त्याचं बाळ वेळेआधी जन्मलेलं, मूठभर. माझ्याशिवाय ते कुठेच निजत नसे. पण आत्याने छकुलीला बजावलं होतं, पाळणा तुझ्या हक्काचा आहे, घेऊनच ये. ती पोट सावरत आली. आपल्या घरी जायचं म्हणून मी नुसता थरथरत होतो. शिंप्याची बायको बाळाला उचलू लागली.

छकुलीने वाकून बाळाकडे पाहिलं आणि तिचा हात धरला.

"निजू दे वहिनी. त्याला उठवलं तर आई मला घरात घेणार नाही."

माझ्या कडीवरून हात फिरवून ती गेली. मी फार हिरमुसलो. पण दुसऱ्याच दिवशी सुतारांच्या घरून रंध्याचा आवाज आला. बाबांना आता नीट दिसत नव्हतं. बोटांनी चाचपत ते नवा पाळणा करत होते. मित्रांनो, मला धाकटा भाऊ झाला!

माझा रंग उडाला तरी चालेल, पण मला माळ्यावर टाकू नका. कड्यांना तेल द्या, आणि तुमचं बाळ चालू लागलं की पुढचं दार ठोठावा.

छकुलीच्या लेकीने पहिलं पाऊल टाकलं त्या वर्षी, हिवाळ्यात, सुतारबाबा वारले. माझा धाकटा भाऊ तेव्हा घरी नव्हता. आदल्या दिवशी त्यांनीच त्याला पुढच्या घरी पोचवलं होतं.