खिंड रिकामी होती

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. अहवालाच्या तिसऱ्या पानावर तुमची सही आहे आणि सहीच्या वर एक वाक्य आहे : ‘परत फिरण्याचा आदेश मिळूनही वनरक्षकाने तो पाळला नाही.’ त्या वेळी मी त्या वनरक्षकाच्या छातीवर होतो. चौकशीत सगळ्यांना विचारलं, मला कुणी विचारलं नाही. म्हणून आता न विचारता सांगतो.

मित्रांनो, मी एक जुना वायरलेस सेट आहे. काळा, जाड, डोक्यावर वीतभर अँटेना. तुमच्या मोबाइलशेजारी मला ठेवलं तर मी विटेसारखा दिसेन. पण डोंगरात मोबाइल जिथे मान टाकतो, तिथून माझं काम सुरू होतं.

एका लांबलचक कारखान्यात मी तयार झालो. एका बाईनं माझ्या पोटातल्या तारा जोडल्या, दुसरीनं झाकण बसवलं आणि तिसरीनं तोंडाशी धरून म्हटलं, “हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन.” मी ऐकलेले हे पहिले शब्द. पुढे खोक्यात बसून आम्ही काही भावंडं या राखीव जंगलाच्या कचेरीत आलो. माझ्या वाट्याला जो वनरक्षक आला तो उंच होता आणि एका ढांगेत दोन पायऱ्या चढायचा. सगळे त्याला ढांग्या म्हणत, तोंडावरसुद्धा. त्यानं मला धुक्याचा ओलावा लागू नये म्हणून मुलीच्या लोकरी मोज्यात घातलं. बायको करवादली, “जोडीतला एक नेलात, आता दुसऱ्याचं काय करू?”

“जपून ठेव. हा फाटला की लागेल.”

पहिला मोजा फाटला आणि दुसराही फाटला. इतकी वर्षं मी त्याच्या डाव्या खांद्याच्या पट्ट्यावर, छातीला टेकून राहिलो. त्याचा दम लागलेला मला आधी कळायचा, मग त्याला.

आता आमच्या डोंगराची एक खोड समजून घ्या, कारण सगळं तिच्यावरच आहे. कचेरी डोंगराच्या अलीकडे, अवघड कडे पलीकडे. मध्ये दगडाचा आडवा कणा. माझा आवाज त्या कण्यातून पार होत नाही. म्हणून वर खिंडीत पत्र्याची एक खोली होती, तिथे दोन सेट होते आणि एक माणूस होता. अलीकडच्या सेटवर कचेरीचा निरोप ऐकायचा आणि पलीकडच्या सेटवर तो तसाच्या तसा सांगायचा. पलीकडून आलेला अलीकडे. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. या कामामुळे त्या माणसाचं नाव पडलं पोपट. वयानं तो सगळ्यांत मोठा, त्यामुळे ढांग्या त्याला मानानं पोपटराव म्हणायचा.

पोपट निरोपात आपली अक्कल घालत नसे. एकदा ढांग्या म्हणाला, “ताईला सांगा, आजचा चहा फारच पाणचट होता.” ताई म्हणजे कचेरीत वायरलेसवर बसणाऱ्या बाई. पोपटनं ते तिला ढांग्याच्या आवाजात, नाक वर करून सांगितलं. तिकडून ताई म्हणाली, “त्याला म्हणावं, उद्या स्वतः कर आणि मलाही पाज.” पोपटनं तेही बायकी आवाज काढून पोचवलं. ढांग्या कड्यावर एकटाच हसत बसला होता.

आणखी एक पद्धत होती. दोन्ही हात खडकाला असले की बोलता येत नाही. मग ढांग्या हनुवटीनं माझं बटण दोनदा दाबायचा. टक-टक. म्हणजे ऐकलं, कळलं. ही सवय सगळ्यांनीच उचलली. निरोप पलीकडे पोचला की पोपटही कचेरीला नुसती टक-टक पाठवायचा. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

चांगले दिवसही होते. पाय मोडलेले एक म्हातारे मास्तर आम्ही पाठुंगळीला घेऊन खाली आणले. वाट चुकलेली एक सहल आणली. वर्तमानपत्रात फोटो आला. फोटोपुरतं तुम्ही मला स्वतःच्या गळ्यात अडकवलं होतंत, साहेब. आठवतंय?

त्याच महिन्यात ढांग्यानं अर्ज दिला : खिंडीत यंत्राचा खांब बसवा, म्हणजे निरोप आपोआप पलीकडे जाईल. तो होईपर्यंत तिथे आळीपाळीनं दोन माणसं ठेवा, कारण एक माणूस आजारी पडू शकतो, त्याला भूकही लागते. उत्तर आलं, ‘विचाराधीन’. त्यानं दुसरा अर्ज दिला. तिसरा दिला. ताई म्हणाली, “दादा, तुझे अर्ज कपाटात माझ्यापेक्षा सुखात आहेत. कुणी हलवत नाही त्यांना.”

मग तो दिवस आला.

तुमच्याही वरचे साहेब येणार होते. विश्रामगृहासमोर चुना टाकला होता. सगळ्यांनी इस्त्रीचा गणवेश घालून रांगेत उभं राहायचं होतं. ढांग्याचा जोडीदार रांगेत होता. ढांग्या पलीकडच्या फेरीवर होता, म्हणून सुटला. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, बरं झालं, सुटला.

दुपारी बारा वाजता ताईला बातमी मिळाली की कॉलेजची दोन मुलं मागे राहिली आहेत. एक मुलगी आणि एक मुलगा, मुलाच्या अंगात निळं जॅकेट. पोपटनं निरोप दिला, “कड्याकडे गेलीत म्हणे. बघ बाबा.” हे ‘बघ बाबा’ त्याचं स्वतःचं होतं. इतक्या वर्षांत त्यानं पदरचे घातलेले तेवढे दोनच शब्द.

ढांग्या निघाला. तीनच्या सुमारास कड्याच्या ओठावर मातीत बुटांचे ठसे दिसले आणि बरंच खाली, एका अरुंद टप्प्यावर, निळं काहीतरी. त्यानं हाका मारल्या. धुकं चढत होतं. त्यानं माझं बटण दाबलं. “खिंड, खिंड, खाली कुणीतरी दिसतंय. जोडीदाराला पाठवा.”

उत्तर नाही.

“पोपटराव, जेवताय का?”

उत्तर नाही. तो अर्धा तास थांबला. मित्रांनो, हे अहवालात नाही. तो घड्याळ बघत थांबला, दर पाच मिनिटांनी बोलला आणि मग खाली पडलेलं कुणी गारठून मरेल म्हणून दोर बांधून उतरला.

टप्प्यावर नुसतं जॅकेट होतं. मुलानं वर उकडतंय म्हणून काढलं असेल, वाऱ्यानं खाली नेलं असेल. पण ढांग्याला ते कसं कळावं? रिकामं जॅकेट बघून त्याच्या मनात आलं ते तुमच्या-माझ्याही मनात आलं असतं. त्यानं ते छातीशी धरलं, माझ्यावरच, आणि बोलला, “खिंड, जॅकेट मिळालं, पोरगं नाही. आणखी खाली गेलं असणार. दोर इथेच संपतोय. उतरू का?”

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. आणि नेमकं त्याच वेळी, कण्याच्या अलीकडे, ताई सेटमध्ये सांगत होती, “दादाला सांगा, दोन्ही मुलं खालच्या फाटकावर चालत आली. धडधाकट आहेत. त्याला म्हणावं, परत फिर.”

तो निरोप माझ्यापर्यंत आला नाही. मी चालू होतो. माझ्यात वीज होती. मी बहिरा नव्हतो. खिंड रिकामी होती.

“पोपटराव,” ढांग्या म्हणाला, “बोला की हो.”

मग त्यानं दोर सोडला.

पुढचं मी सांगणार नाही. दगड ओला होता, एवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं उतरली, त्यांत पोपट होता. त्यानं मला उचललं, चालू-बंदच्या बटणाची खूण बघितली आणि म्हणाला, “चालूच ठेवला होता रे यानं. चालूच होता.” माझी बॅटरी संपली होती. माझ्या काचेला तडा गेला होता. मला पुरावा म्हणून चिठ्ठी बांधून कचेरीच्या मागच्या खोलीतल्या फळीवर ठेवलं.

बाकीचं मला त्या खोलीत कळलं. चौकशी झाल्यावर एक दिवस ताई आत आली आणि मागोमाग पोपट. ती दार लोटून म्हणाली, “काका, माझ्याकडे बघा. त्या दिवशी चारला मला टक-टक आली. मी वहीत लिहिलं, निरोप पोचला. तुम्ही दाबलं ना बटण?”

पोपट खाली बघत होता.

“काका!”

“मी खिंडीत नव्हतो गं पोरी. मला दोनला खाली बोलावलं. रांगेत एक माणूस कमी पडत होता. मी म्हटलं, ढांग्या पलीकडे गेलाय. तर म्हणाले, अर्ध्या तासाचं काम, नीट शर्ट घालून ये. मी धुतलेला शर्ट घालून सहा वाजेपर्यंत उभा होतो.”

“आणि मला कुणी सांगितलं नाही?”

“मला वाटलं, त्यांनी सांगितलं असेल.”

“मग टक-टक कुणाची?”

“विश्रामगृहातला सेट, तोही अलीकडचाच, साहेबांच्या शिपायाच्या हातात होता. त्याच्या बोटाला चाळा आहे, तुला ठाऊक आहे. रांगेत मागे उभा राहून दाबत होता. मी बघितलं. पण तू तिकडे काय बोलतेयस ते मला कुठे ऐकू येत होतं?”

ताई खोक्यावर बसली. बराच वेळ तिनं पदर, रुमाल काहीच शोधलं नाही, डोळे तसेच वाहू दिले. मग म्हणाली, “चौकशीत का नाही बोललात?”

“निवृत्तीला दोन महिने राहिलेत. कागद टाइप करूनच आणला होता. ‘मी खिंडीत हजर होतो.’ म्हणाले, कर सही. केली. आयुष्यभर दुसऱ्याचेच शब्द बोललो, तेव्हाही तेच केलं.” आणि त्यानं स्वतःच्या तोंडात मारून घेतली, दोनदा, जोरात. ताईनं त्याचा हात धरला.

ताईनं त्याच दिवशी सगळं लिहून दिलं. आठवड्यात तिची बदली झाली.

मग ढांग्याची बायको आली. कचेरीच्या दारात एक दगडी पाटी आहे, कामावर असताना गेलेल्यांची. त्यावर ढांग्याचं नाव का नाही, एवढंच तिला विचारायचं होतं. भिंतीपलीकडून मला तुमचं दोघांचं बोलणं ऐकू आलं, साहेब.

“आदेश मोडलेल्यांची नावं घालत नाहीत, बाई.”

“त्यांनी मोडला? हवालदिल होऊन घरी फोन करायचे ते, निघायला उशीर झाला तर रागावू नकोस म्हणून. त्यांनी तुमचा हुकूम मोडला?”

“वहीत नोंद आहे. निरोप पोचला होता.”

“माझ्या मुलीला वर्गात म्हणतात, तुझा बाप हट्टानं मेला. तिला मी काय सांगू?”

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, एवढंच.

मित्रांनो, मला वाईट वाटतं ते माझ्या तड्याचं नाही. त्यानं दोर सोडण्याआधी मी एक शब्द आणू शकलो असतो तर! ‘परत’ एवढाच. यंत्राला स्वतःहून बोलता येत नाही, ही माझी लाज. पण माणसांना येतं. तुमच्यासाठी कुणी डोंगरात गेलं असेल तर त्याच्या मागे जो उभा आहे, त्याला जागेवरून हलवू नका, हलवू देऊ नका. आणि तुम्ही वाट चुकून सुखरूप खाली आलात, तर घरी जाण्याआधी फाटकावर थांबा. शोधायला गेलेला माणूस परत येईपर्यंत थांबा. ती दोन मुलं थांबली होती. रात्रभर रडत थांबली. त्यांच्यावर माझा राग नाही.

माझा राग तुमच्यावर आहे, साहेब. पटत नसेल तर एक करा. माझ्यासारखा एक चालू सेट घेऊन त्या टप्प्यावर माणूस पाठवा, खिंडीतली खोली रिकामी ठेवा आणि कचेरीतून हाक मारा. पलीकडे काही ऐकू आलं तर तुमचा अहवाल खरा. नाही आलं तर तिसरं पान फाडा, पाटीवर नाव कोरा आणि ढांग्याच्या घरी स्वतः चालत जा. त्याच्या मुलीसमोर उभं राहून तिला सांगा : दुपारी दोन वाजता पोपटला खिंडीतून खाली कुणी बोलावलं ते.