मरळीची जोडी

"एका दिसाचा तर सवाल हाय, मावशी. सकाळी न्यायची अन् दुपारी तुमच्या हिरीत आणून टाकायची. माझी जबान हाय," बद्रीनाथ विहिरीत वाकून बघत म्हणाला.

खाली कमरेइतकं पाणी उरलं होतं. त्यातून एक काळी पाठ वर आली, हवेचा घोट घेऊन बुडाली. मागोमाग दुसरी आली. मरळीला असं अधूनमधून वर यावंच लागतं. कडूबाई पाण्यावर उठलेल्या त्या दोन वलयांकडे बघत राहिली.

"दुसरा मासा न्हाई का मिळत?"

"तळ्यात हाय काय आता? बोटाएवढ्या चिलापी. सायबानं फोटोत चिलापी धरायची का?"

साहेब मुंबईच्या एका शीतपेयांच्या कंपनीचा. ही कंपनी समुद्रात हौशी लोकांच्या गळाच्या स्पर्धा भरवायची, आणि समुद्र वाचवायचा विडाही तिनेच उचललेला. यंदा तिला गोड्या पाण्यात पुण्य करायची हुक्की आली आणि कुणा पुढाऱ्याच्या ओळखीने ती शिरूर कासारजवळच्या या आटत्या तलावावर येऊन टेकली. मासा गळाला लावायचा, मोजायचा आणि पाण्यात सोडून द्यायचा. बदल्यात मच्छीमार सोसायटीला पावसाळ्यात लाखभर मत्स्यबीज फुकट. निम्मे सभासद ऊसतोडीला गेलेले, तलावाच्या काठाला भेगा पडलेल्या. सोसायटीचा चेअरमन म्हणून बद्रीनाथला नाही म्हणता येण्यासारखं नव्हतं.

तलाव आटू लागला की मरळीची एक जोडी घागरीतून विहिरीत आणायची आणि पाऊस पडून तलाव भरला की परत न्यायची, ही कडूबाईच्या नवऱ्याची, बिभीषणची रीत. मरळ आपली पिलं डोळ्यांत तेल घालून राखते. एका जोडीवर तलाव पुन्हा नांदता होतो. बिभीषणला जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याच्यामागे आलेला हा पहिलाच दुष्काळ. डोक्यावर घागर घेऊन कडूबाई दीड कोस चालली होती, आणि वाटेत पाणी हिंदकळलं की तिचा जीव अर्धा होत होता.

पण लाखभर बी म्हणजे काही थोडंथोडकं नव्हतं. कोयते घेऊन गेलेली घरं जाळी घेऊन परत बसली असती. कडूबाई पघळली.

"मादी ने. मोठी तीच हाय. पर जपून."

"जपतो की. फकस्त दोन दिस खायला घालू नका. भुकेली असली की गळाला लवकर लागंल."

दस्तगीरच्या कोंबडीच्या दुकानातून कडूबाई रोज आतडी आणायची, दोघांच्या दोन पुड्या. ते दोन दिवस ती दुकानाकडे फिरकली नाही. विहिरीवर मात्र जायची. तिची पावलं वाजली की दोघंही वर येत, तोंड उघडून वाट बघत. तिला ते बघवेना. "उद्या देते गं बाई," असं पुटपुटून ती माघारी फिरायची.

स्पर्धेच्या दिवशी बीड जिल्ह्यात देवमासा अवतरला. मांडवाच्या कमानीवर निळाशार, शेपटी उभारून, आणि खाली 'समुद्र वाचवा'. तोच प्रत्येकाच्या छातीवर. कडूबाईलाही लुगड्यावरून तसला टी-शर्ट चढवायला लावला होता. समुद्र तिने जन्मात पाहिला नव्हता.

काठाशी जाळं लावून केलेल्या कोपऱ्यात मरळ सोडली होती. साहेबांचे दोन गळ फुकट गेले. तिसऱ्याला मात्र मरळ अशी तुटून पडली की गळ थेट घशात उतरला. टाळ्या झाल्या. साहेबांनी हातमोजा घालून तिच्या कल्ल्यात बोटं घातली आणि तिला उंच धरलं. भरली तीन किलोच्या वर. फोटो झाले, कंपनीच्या बाटलीबरोबर पुन्हा झाले. कल्ल्यातून रक्ताची बारीक धार साहेबांच्या मनगटावर आली.

"घशात हाय ओ गळ," कडूबाई ओरडली.

कंपनीच्या एका मुलीने दोरा कापून टाकला. "काही होत नाही आजी, गळ आपोआप निघून जातो." मग तिने मरळीच्या पाठीत नंबराची पिवळी चकती टोचली.

कडूबाई पाण्याने भरलेली घागर घेऊन पुढे झाली. "हिच्यात द्या. हिरीत न्यायचीय."

"विहिरीत? छे, आजी! तिला मोकळं सोडायचंय."

कडूबाईने बद्रीनाथकडे पाहिलं. तो साहेबांच्या मागे हार घेऊन उभा होता. त्याचे ओठ हलले, पण साहेबांनी वळून बघितलं तशी त्याने मान खाली घातली. साहेब विजारीचे पाय दुमडून गुडघाभर पाण्यात शिरले आणि त्यांनी मरळ सोडून दिली. पुन्हा टाळ्या झाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी कडूबाईला ती काठाच्या चिखलात सापडली. आधी पिवळी चकती दिसली. मागोमाग बद्रीनाथ आला.

"मावशी, सायबाफुडं माझी जीभच उचलली न्हाई. पर बी येनार हाय. लाखभर."

"येऊ दे," कडूबाई म्हणाली. तिला त्याचा रागही धड येईना. उपाशी तर तिनेच ठेवली होती. तिने मरळ टी-शर्टात गुंडाळली आणि विहिरीजवळच्या लिंबाखाली पुरली.

तिथून ती दस्तगीरच्या दुकानावर गेली. तो खुशीत होता. त्याने पेपर पुढे केला.

"चाची, ये देखो! तुमचीच मछली ना? लई झकास फोटो आलाय."

फोटोत साहेब हसत होते. मरळीचं तोंड उघडं होतं. विहिरीत पावलांचा आवाज ऐकून उघडायची तसंच.

"माझीच," ती म्हणाली.

दस्तगीरने सवयीने आतड्यांच्या दोन पुड्या बांधून फळीवर ठेवल्या. कडूबाईने एक उचलली. दुसरी त्याच्याकडे सरकवली आणि विहिरीच्या वाटेला लागली.