बोथच्या बाजारातला यक्ष

पृथ्वीवर यक्ष प्रकटतात, याबद्दल शंका घेऊ नये. १९८८ साली एक बोथ गावच्या आठवडी बाजारात प्रकटला. साडेअकराच्या बसनं आला होता.

हातभर लांब, वाळलेला, टोकदार पंखांचा, शेपटीवाला. पोटाकडून साक्षात चेहरा: दोन डोळे, खाली वाकडं तोंड. लोक एकमेकांच्या खांद्यांवरून पाहत होते.

"वास तं सुकटीचा येऊन राह्यला," गर्दीतला डोमाजी म्हणाला.

"तो पाताळाचा गंध आहे," यक्षाचे मालक पाताळबाबा म्हणाले. डोमाजीनं पुन्हा श्वास घेतला, या वेळी हात जोडून.

"छातीवर दोन्हीकडे पाच-पाच चिरा," बाबांनी बोट दाखवलं. "पंचमहाभूतं! पाठ पाहाल तर दृष्टी जाईल. यक्ष बुडवलेलं पाणी पाजा, ताप पळतो. मात्र घरात इंग्रजी गोळी दिसली की यक्ष रुसतो."

कौशल्याबाईंची लेक हिवतापानं घरी पडली होती. दवाखान्यातल्या गोळ्यांची पुडी त्या यक्षापुढे टाकणार, तेवढ्यात पोरांकडून यक्षाचं वर्णन ऐकून देवाजी मास्तर शाळेतून सायकल हाणत आले.

"थांबा, कौशल्याबाई."

मास्तरांच्या हातात शार्क आणि चपटे पाकट मासे ओळखायची पुस्तिका होती. समुद्रापासून शेकडो मैल दूरच्या शाळेला ती सरकारनं न मागता पाठवली होती. दुसरं पुस्तकच न आल्यानं मास्तरांनी ती दोनदा वाचली होती.

"समुद्र तरी पाहिलाय का, मास्तर?" बाबा हसले.

"नाही. इथं कोणीच पाहिला नाही. म्हणून तर तुम्ही इथं आलात." मास्तरांनी पान उघडलं. "कल्ल्यांच्या चिरा कुठं? बाजूला असल्या तर शार्क."

कौशल्याबाईंनी बोट लावून मोजल्या. "पोटाखाली. पाच-पाच."

"म्हणजे पाकट. आता डोळे. पुस्तक म्हणतं, ते पाठीवर पाहिजेत."

गर्दी दोन पावलं हटली.

"काऊन सरता मांगं? पोरगी माही हाय," म्हणत कौशल्याबाईंनी यक्ष पालथा केला. दृष्टी जागेवरच राहिली. "मास्तर, याले इकडं बी डोये हायेत."

"तेच खरे. पोटाकडचे डोळे नव्हेत, नाकपुड्या. आणि पंखांच्या कडा पाहा, कात्रीनं कापल्यात."

"म्हंजे आमी नाकाले हात जोडून राह्यलो होतो?" डोमाजी म्हणाला.

बाबांना साडेबाराची बस आठवली. यक्षाची आठवण राहिली नाही.

नवल दिसलं तर आधी उलटून पाहावं. उलटू नका असं कोणी म्हणालं, तर लगेच पाहावं.

गोळ्या परत पदरात गेल्या. पोरीचा ताप पाचव्या दिवशी उतरला. यक्ष शाळेच्या कपाटावर ठेवला होता. रविवारी तो मांजरीनं खाल्ला.