ओढ्यापलीकडची घरं

बुद्धघोषच्या सभ्यपणाचा मला मनस्वी राग यायचा. आजही येतो.

१९९९ साली बारामतीत एसटी स्टँडजवळ माझं इंटरनेटचं दुकान होतं. कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी आटोपून जळोचीला घरी जाण्याआधी हा रोज माझ्याकडे येऊन बसायचा. आम्ही दोघं इंदापूर तालुक्यातल्या धामणवाडीचे. गाव उजनीच्या पाण्याखाली गेलं तेव्हा आम्ही शाळेत होतो. पांगलेल्या गावकऱ्यांना ई-मेलवर जोडायचं, प्रत्येकानं आठवेल ते घर, विहीर, झाड कळवायचं आणि त्यातून गावाचा नकाशा काढायचा, ही कल्पना बुद्धघोषची. त्याची आई तुळसाकाकू अंथरुणाला खिळली होती. तिला मरायच्या आधी आपलं घर एकदा कागदावर तरी बघायचं होतं.

गटाचे नियमही त्यानंच घातले. वडीलधाऱ्यांसमोर बोलल्यासारखं अदबीनं लिहायचं. नकाशावर घ्यायचं ते सगळ्यांना मान्य असेल तेवढंच. एकाचाही आक्षेप असला तर ती जागा कोरी.

मस्कतला इंजिनियर असलेला पाटलांचा मानसिंग गटात आला. वेस, मारुतीचं देऊळ, माझ्या बापाचं किराणा दुकान, सगळं त्यानं अंतरासकट कळवलं. त्याच्यावाचून नकाशा उभाच राहिला नसता, हे मलाही मान्य आहे. पण ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीचा विषय निघाला आणि गडी बिथरला. ती गायरानातली अतिक्रमणं, गावात ती धरताच येत नाहीत, असं त्यानं लिहिलं. पुढच्या मेलमध्ये, बुद्धघोषची आई आमच्या गोठ्यातलं शेण काढायची, हेही अख्ख्या गटाला कळवून टाकलं.

मी म्हटलं, हाकल त्याला. बुद्धघोषनं उत्तर लिहिलं: मानसिंगराव, माहितीबद्दल आभारी आहे, वस्तीबाबत आपण पुन्हा विचार करावा ही विनंती. पूर्वी तो मेलच्या शेवटी 'जयभीम' लिहायचा. मानसिंगनं त्यावर नाक मुरडलं, तसं यानं 'नमस्कार' लिहायला सुरुवात केली. गटातले लोक त्याच्या संयमाचं तोंडभरून कौतुक करायचे. वस्ती होती, एवढं एक वाक्य मात्र त्यांच्यातल्या कुणाच्या हातून लिहून झालं नाही. मी लिहिलं, चार शिव्या घालून लिहिलं. नियमात बसत नाही म्हणून बुद्धघोषनं माझं पत्र गटावर जाऊच दिलं नाही.

मी भडकलो, तेव्हा तो खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाला, "मी त्याला काढलं, तर म्हणतील, यांच्या हातात कारभार दिला की हे असंच करतात. ते मला ऐकायचं नाही, अमजद."

काकूची तब्येत उतरत चालली. डॉक्टरांनी हात टेकले, तसा त्यानं नकाशा छापायला काढला. आईपुरत्या प्रतीत तरी घरं काढ, म्हणून मी त्याच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं होतं. आईला वेगळी आणि गावाला वेगळी प्रत दाखवणं त्याला खोटेपणा वाटला. त्याला वाटत होतं, आईला समजावता येईल.

आम्ही जळोचीला गेलो. काकूला उशीला टेकवून बसवलं. बुद्धघोष सांगत गेला तशी ती खूश होत गेली. देऊळ, दुकान, वेस. ओढा तिनं स्वतःच ओळखला. मग तिचं बोट ओढा ओलांडून पुढं गेलं आणि कोऱ्या कागदावर फिरत राहिलं.

"हितं काय न्हाय?" तिनं विचारलं.

त्यानं आक्षेप सांगितला, नियम सांगितला. मानसिंगराव राजी झाले की घरं येतील, म्हणाला. आईसमोरही त्याच्या तोंडचं 'राव' सुटलं नाही, आणि मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. काकूनं सगळं ऐकून घेतलं.

"कुणी काढलं ह्ये?"

"मीच, आई."

तिनं कागद त्याच्या मांडीवर ठेवला.

"पाण्यानं समद्या गावाला बुडवलं व्हतं," ती म्हणाली. "तू निस्तं आमालाच बुडवलंस."