ताकातली गोळी

"आणखी एक भोक पाड, तुळजे," सर्जेरावानं पखवाजाचा पट्टा पुढं केला. "पोट होतं तवा पखवाज आपसूक टेकायचा. आता गुडघ्यावर उतरतोय."

तुळजाबाईनं चुलीत तापवलेलं दाभण पट्ट्यात खुपसलं. चामडं चर्रकन जळालं.

पुण्याला पोट लहान करायचं ऑपरेशन झालं, त्यावर दिवाळी उलटून गेली होती. एवढा आडमाप गडी, पण सदरा दोरीवर वाळत घातल्यागत दिसू लागला. गावात, निमोण्याच्या पारावर, पोरं विचारत, "आप्पा, निम्मं पुण्यातच ठिवून आला व्हय?" तो हसायचा. शिरूरच्या डॉक्टरांनी तर निक्षून सांगितलं होतं, "वजन उतरलं, तसं प्रेशरही उतरलं. आता बीपीची गोळी बंद. घेतलीत तर प्रेशर फार खाली जाईल."

सर्जेरावानं दवाखान्यातूनच पांडुरंगाला हात जोडले. तुळजाबाईच्या डोळ्यांपुढं मात्र सासरे आले. त्यांनीही 'बरं वाटतंय' म्हणून गोळी सोडली होती. आठवड्यात अर्धं अंग गेलं, ओठांवरचा अभंग ओठांवरच राहिला. देवाचा नेम काय आणि गोळीचा नेम काय, मोडला की घर बसतं, एवढंच तिला ठाऊक. रोज सकाळी ती गोळी वाटून गुपचूप ताकात कालवायची.

"उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येतीया गं."

"चिमणीएवढं खाताय, मग काय हुईल? ताक प्या."

सप्ताहाच्या शेवटी काल्याचं कीर्तन होतं. बुवांनी गजर धरला, टाळकरी उभे राहिले. पखवाज गळ्यात घेऊन सर्जेरावही झटक्यात उठला. बायकांत बसलेल्या तुळजाबाईला ऐकू आलं, थाप पडायच्या जागी पडली नाही. त्याचा हात हवेतच राहिला, आणि पखवाजासकट तो खाली आला. टाळ मात्र क्षणभर वाजतच होते.

जीपनं शिरूर गाठलं. सलाईन लागलं. डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या होत्या. "प्रेशर फारच खाली गेलंय. गोळी घेतलीत?"

"न्हाई, सायेब." सर्जेरावाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा होता. "तवाच बंद केली. हिला इचारा. माझी तुळजा खोटं न्हाई बोलायची."

डॉक्टर वळले.

तुळजाबाईनं पदराची गाठ सोडायला घेतली. दात लावावे लागले, इतकी घट्ट होती. गोळ्यांची पट्टी तिनं डॉक्टरांच्या हातावर ठेवली आणि खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली.

सर्जेरावाचे डोळे मिटले होते. बोटं चादरीवर ठेका धरू पाहत होती. मधली एक थाप दर वेळी राहून जात होती.